सोळा घरांचा राग

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एचएमव्हीच्या लेबलवर एक तबकडी काढली. नाव लांबलचक होते: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक मुंबईचे चरणजित सिंग. एका बाजूला भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तबला नाही, तानपुरा नाही, माणूस एकटा आणि समोर तीन जपानी यंत्रे. तबकडी त्या वेळी कुणाच्या फारशी लक्षातही राहिली नाही. पुढे एडो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर पुन्हा काढली. तेव्हापासून तिच्याबद्दल बरेच लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक एकाच मुद्द्याभोवती फिरते. यांतल्याच एका यंत्रावर केलेली, शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ची, म्हणजे आमचा माणूस पाच वर्षे आधी. अभिमान ठीक आहे, पण त्यातून तबकडी झाली कशी हे कळत नाही.

मला तेवढेच शोधायचे होते: यंत्राच्या आत काय चालले होते, आणि यंत्र संपून हात कुठे सुरू होत होता. या शोधाला उपयोगी पडणारे कागद थोडे आहेत, आणि सगळे सारख्या किमतीचे नाहीत. पहिला पुरावा तबकडी हाच. दुसरा, ही यंत्रे बनवणाऱ्या रोलंड कंपनीच्या वापरपुस्तिका. तिसरा, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी छापलेल्या ‘सर्व्हिस नोट्स’. त्यांत सर्किटाचा संपूर्ण नकाशा आणि एकेका चिपचा क्रमांक असतो. चौथा, चरणजित सिंग यांनी तबकडी पुन्हा निघाल्यानंतर दिलेल्या मुलाखती. त्या अठ्ठावीस वर्षांनंतरच्या आहेत. हे का केले, याला त्यांचा आधार चांगला. कोणती तार कुठे जोडली होती, याला सर्व्हिस नोट्सच बऱ्या.

आधी खरे-खोटे पाहून घेऊ, कारण २०१० मध्ये ही तबकडी बनावट असल्याची कुजबुजही झाली होती. कुणा युरोपीय संगीतकाराने टोपणनावाने थट्टा केली आहे, असे काहींना वाटले. यंत्रांच्या तारखा लावल्या की शंका उरत नाही. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८०चे, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर १९८१चा, खर्जाची स्वरावली वाजवणारे टीबी-३०३ बाजारात आले ते १९८१ संपता संपता. तिन्ही यंत्रे १९८२ मध्ये विकत मिळत होती. सिंग यांनी आपली सामग्री सिंगापूरहून आणली होती. यंत्रे एकमेकांना जोडायची मिडी ही सर्वमान्य पद्धत जगापुढे आली १९८३ मध्ये. या तबकडीत मिडीवाचून अडावे असे काहीच ऐकू येत नाही. काळही जुळतो. १९८०च्या ‘कुर्बानी’ने डिस्को घराघरात नेला होता आणि १९८२च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. सिंग सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे, लग्नसमारंभांत ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे कलावंत. ज्या ठेक्यावर रोज सिनेमाची गाणी वाजवायची, त्याच ठेक्यावर राग का नको, असा त्यांचा सरळ विचार होता.

आता तारा. टीबी-३०३ ला मागच्या बाजूला ‘सिंक इन’ हे भोक आहे, ‘सिंक आउट’ नाही. टीआर-८०८ वर एक खटका आहे, तो इकडे-तिकडे केला की तेच भोक आत घेणारे किंवा बाहेर देणारे होते. म्हणजे या दोघांची जोडी चालवायची तर लय ८०८ ने द्यायची आणि ३०३ ने ती घ्यायची, याला पर्याय नाही. मुलाखत न वाचताही हे ठामपणे सांगता येते. पाच टाचण्यांच्या केबलमधून दोनच गोष्टी जातात: ‘सुरू-बंद’ आणि लयीचा स्पंद. एका मात्रेला, म्हणजे एका ठोक्याला, २४ स्पंद. यंत्रातल्या पॅटर्नच्या सोळा पायऱ्यांपैकी एकीला त्यांतले सहा. मिनिटाला १२५ ठोक्यांची लय धरली तर एक स्पंद बरोबर २० मिलिसेकंदांचा आणि एक पायरी १२० मिलिसेकंदांची. तबल्याचा ठेका आणि नगमा यांचे नाते या तारेत एकतर्फी झाले आहे. तबलजी गवयाकडे बघून लय सैल सोडतो. इथे ८०८ कुणाकडेच बघत नाही.

सर्व्हिस नोट्समध्ये ३०३ चा मेंदू म्हणून एनईसी कंपनीची ‘म्यूपीडी६५०सी-१३३’ ही चिप दाखवली आहे, आणि ८०८ मध्ये त्याच जातीची ‘-०८५’. हे चार बिटांचे मायक्रोकंट्रोलर. सगळा प्रोग्रॅम सुमारे दोन हजार बाइटांत बसवायचा. शेपटीचा आकडा महत्त्वाचा आहे. १३३ काय किंवा ०८५ काय, तो कारखान्यात चिपवर कोरलेल्या प्रोग्रॅमचा क्रमांक. तो प्रोग्रॅम पुसता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. वादकाच्या हाती येतात ते फक्त बाजूच्या तीन छोट्या मेमरी चिपांवर लिहिलेले पॅटर्न, चौसष्ट. त्या मेमरीला जिवंत ठेवतात जाडजूड चार सेल. सेल संपले किंवा काढून ठेवले की लिहिलेले पुसले जाते. म्हणून सिंग यांनी यंत्रात जे भरले ते मूळ रूपात आज मिळण्याची आशा धरू नये. बंदिशींची वही जळाली आहे, गायलेले तेवढे तबकडीवर उरले आहे.

वही कशी होती ते मात्र वापरपुस्तिकेवरून पुरते कळते, आणि इथे मराठी वाचकाला ओळखीचे काहीतरी भेटते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तले कुठलेही पान उघडा. त्रितालाची बंदिश असेल तर सोळा घरे आखलेली. घरात स्वर. स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार. आडवी छोटी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवा. दोन स्वरांवरून कमान गेली की मींड. आता ३०३ ची फळी पाहा. सोळा पायऱ्या. एका सप्तकाची बटणे, शेजारी ‘डाउन’ आणि ‘अप’ – मंद्र आणि तार. ‘टाय’ म्हणजे स्वर लांबवा. ‘स्लाइड’ म्हणजे मींड. ‘अॅक्सेंट’ तेवढा भातखंड्यांकडे नाही. आघात गुरूने हाताने दाखवायचा, असेच त्या पद्धतीत गृहीत असावे. दोघांनी एकमेकांचे काही पाहिलेले नाही. जेवढे कागदावर किंवा मेमरीत मावते तेवढेच घ्यायचे ठरवले की यादी साधारण हीच होते.

फरक आहे तो भरण्याच्या क्रमात. भातखंड्यांच्या पानावर स्वर आणि मात्रा एकाच घरात असतात. ३०३ वर आधी ‘पिच मोड’मध्ये नुसते स्वर एकामागून एक दाबत जायचे, ताल डोक्यात न आणता. मग ‘टाइम मोड’मध्ये जाऊन नव्याने सांगायचे: इथे स्वर, इथे लांबव, इथे विराम. यंत्र दोन्ही याद्या बाळगते आणि वाजवताना जुळवते. विरामाची पायरी आली की स्वरांच्या यादीतला पुढचा स्वर खर्ची पडत नाही, तो वाट बघतो. म्हणून मधेच एक विराम जास्त टाकला तर त्यानंतरचे सगळे स्वर एकेक पायरी पुढे सरकतात आणि समेवर येणारा स्वरसमूह भलतीकडे जातो. रागाच्या बाबतीत याचा गमतीदार परिणाम होतो. ताल चुकला तरी राग चुकत नाही. स्वरांचा क्रम तोच राहतो. आरोह-अवरोहाला धक्का लागत नाही, फक्त वजन हलते. ठेका बदलून तीच सरगम पुन्हा ऐकायची ही सोयच झाली. पाश्चात्त्य वापरकर्त्यांनी या दुहेरी पद्धतीला नावे ठेवली. सरगम तोंडपाठ असलेल्या वादकाला ती तितकी जाचली नसावी, असे मला वाटते.

रागांची निवडही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मेघ पाच स्वरांचा धरला तर दहापैकी पाच राग औडव: भूपाली, मेघमल्हार, कलावती, मालकंस, बैरागी. सोळा पायऱ्यांचे चक्र शेवटच्या पायरीवरून थेट पहिलीवर उडी मारते, आणि ती उडी कुठल्याही अंतराची असू शकते. पाच स्वरांच्या रागात अशी उडी बहुधा खपून जाते. ललतासारख्या रागात, जिथे पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात, तिथे उडी जपून बसवावी लागते. सिंग यांनी ललत आणि तोडी टाळलेले नाहीत, हे लक्षात ठेवावे.

यंत्र जे देऊच शकत नव्हते त्याचाही नकाशा आहे. ३०३ ची चिप स्वर सहा बिटांच्या आकड्याने सांगते आणि रोधकांची एक शिडी त्या आकड्याचा व्होल्टेज करते. शिडीच्या पायऱ्या समान, म्हणजे पियानोसारखे बारा सारखे स्वर. भैरवाचा आंदोलित ऋषभ, तोडीचा अतिकोमल गंधार यांना त्या शिडीवर जागा नाही. ‘स्लाइड’चे तेच. एक रोधक आणि एक कपॅसिटर यांच्यावर तिची गती ठरलेली, सुमारे ६० मिलिसेकंद. लय कितीही विलंबित केली तरी मींड तेवढ्याच घाईची. म्हणून तबकडी ऐकताना एक साधी विभागणी करता येते. जो स्वर ताठ आहे आणि ठरलेल्या जागी पुन्हा येतो, तो यंत्राचा. जो वळतो, रेंगाळतो, वरच्या स्वराला हलकेच शिवून येतो, तो ज्युपिटर-८ वरच्या बोटांचा आणि त्याच्या स्वर वाकवणाऱ्या दांडीचा. ज्युपिटरला पाठीमागे बाहेरचा स्पंद घेऊन स्वरावली आपोआप उलगडण्याचीही सोय होती, आणि ८०८ वर तसे स्पंद देणारी तीन भोके. त्यामुळे ज्युपिटरमधून येणारी प्रत्येक गोष्ट हाताचीच, असे म्हणता येत नाही. ताठ, समान अंतराची स्वरावली ऐकू आली तर ती यंत्राच्या खात्यावर टाकलेली बरी.

कोरलेला प्रोग्रॅम बदलता येत नाही, ही अट मोडली ती घरी यंत्रे बांधणाऱ्यांनी. रोलंडने ३०३ चे उत्पादन १९८४ मध्ये थांबवले. साधारण दहा हजार नग बनले होते. शिकागोच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’नंतर किमती चढल्या आणि लोकांनी सर्व्हिस नोट्स समोर ठेवून नक्कल करायला घेतली. त्यांतले सर्वांत नीट काम २००५ मध्ये अमेरिकेतल्या लिमोर फ्राइड यांनी ‘झॉक्सबॉक्स’ या नावाने बाहेर आणले. सुट्या भागांचा संच, डाग देऊन स्वतः जोडायचा. आवाजाचे सर्किट जुन्या नकाशाबरहुकूम. मेंदू मात्र नवा, एटमेगा१६२, सोळा किलोबाइट प्रोग्रॅमची जागा असलेला आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारा. प्रोग्रॅम सी भाषेत, सर्वांसाठी खुला. त्यामुळे पुढे इतरांनी त्याची सुधारित रूपे लिहिली; ‘सॉकओएस’ हे त्यांतले चांगले गाजलेले.

हा खुला कोड म्हणजे आपल्या अभ्यासातला पाचवा कागद. त्यात एक पायरी एका बाइटात बसवली आहे: सहा बिट स्वर, एक बिट आघात, एक बिट मींड. आणि दोन याद्यांची जुनी पद्धत सोडून दिली आहे. प्रत्येक पायरीचा स्वर त्या पायरीपाशीच. म्हणजे सुधारणा करता करता मंडळी नकळत भातखंड्यांच्या घरांकडे आली. वापरायला ते सोपे आहे यात वाद नाही. पण विराम घातल्यावर सरगम पुढे सरकण्याची जी लकब मूळ यंत्रात होती ती गेली, आणि हौशी लोक नंतर तीच परत मागू लागले. कोडमध्ये दोष कोणता आणि वळण कोणते, हे वाजवणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

कागद वाचून जे कळत नाही ते बांधून पाहिले की कळते, म्हणून हैदराबादेत अंबरपेठेतल्या घरी मी एक साधा सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर जुळवला. सुटे भाग घ्यायला कोठीची गुजराती गल्ली आहे. मुंबईकराला लॅमिंग्टन रोड, तसे आम्हाला हे. आर्डुइनो युनोवरची चिप, सोळा मेगाहर्ट्झ. पहिल्या कोडमध्ये सगळे जसे करतात तेच: पायरी वाजव, १२० मिलिसेकंद थांब, पुढची वाजव. ऐकायला बरे वाटते. पण दिवे पेटवणे, बटणे तपासणे, नॉब वाचणे याला समजा पायरीमागे एक मिलिसेकंद लागला, तर तो थांबण्यात धरलेला नसतो. १२५ च्या लयीत मिनिटाला पाचशे पायऱ्या. म्हणजे मिनिटात अर्धा सेकंद उशीर, आणि एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. शेजारी लावलेल्या तालापासून अख्खी मात्रा मागे! हे कळल्यावर ३०३ ला ‘सिंक आउट’ का नाही याबद्दलची तक्रार थोडी कमी होते. स्वतः मोजण्यापेक्षा दुसऱ्याचा स्पंद ऐकून चालणे, यात चूक साठत नाही.

सुधारणा म्हणजे थांबणे काढून टाकायचे आणि चिपमधल्या टायमरला कामाला लावायचे. सोळा मेगाहर्ट्झला ६४ ने भागले की टायमरचा एक टिक्का चार मायक्रोसेकंदांचा. २० मिलिसेकंदांच्या स्पंदाला असे पाच हजार टिक्के. ते भरले की चिप हातातले काम सोडून इंटरप्टमध्ये जाते. तिथे करायचे अगदी थोडे: स्पंद एकाने वाढवा, सहा झाले की पायरी पुढे न्या, स्वराचा बाइट बाहेर टाका, बाहेर पडा. दिवे, बटणे, नॉब हे सगळे मुख्य फेऱ्यात, सवडीने. दिवा दोन मिलिसेकंद उशिरा लागला तर डोळ्याला कळत नाही. स्वराचा तोल सारखा डुलत राहिला तर ते कानाला खुपते.

यानंतर उरते ती समेची काळजी. वाजता वाजता दुसरा पॅटर्न निवडला तर तो तिथल्या तिथे लागू करायचा नाही. निवड बाजूला टिपून ठेवायची आणि मोजणी शून्यावर आली, म्हणजे सम आली, की बदलायची. मूळ ३०३ असेच करते. चालू पॅटर्न संपल्यावरच नवा घेते. कोडमध्ये हे दोन-तीन ओळींचे काम आहे, पण ते नसेल तर वाद्य हाती धरवत नाही.

शेवटची गोष्ट पायऱ्यांच्या संख्येची. घरच्या कोडमध्ये ‘सोळा’ हा आकडा जागोजागी लिहिलेला असतो. तो काढून प्रत्येक पॅटर्नसोबत त्याची लांबी ठेवायची. हे आजचे शहाणपण म्हणावे, तर वापरपुस्तिका आडवी येते. १९८२ च्या ३०३ वरही पॅटर्न सोळापेक्षा कमी पायऱ्यांचा करता येत होता, आणि ८०८ वरही. केबलमधून फक्त स्पंद जातात, लांबी जात नाही. त्यामुळे दोघांची लांबी वेगळी ठेवली तरी चालते. एका पायरीला एक मात्रा धरून ३०३ ला झपतालाच्या दहा पायऱ्या आणि ८०८ ला डिस्कोच्या सोळा दिल्या, तर दोघांची सम ऐंशी पायऱ्यांनी एकत्र येते. ३०३ ची आठ आवर्तने, ८०८ ची पाच. १२५ च्या लयीत ९.६ सेकंद. रूपकाच्या सात पायऱ्या धरल्या तर ११२ पायऱ्यांनी, १३.४४ सेकंदांनी. तबकडीवर दहाही राग चार-चार ठोक्यांच्या चौकटीतच चालतात. यंत्राने हात बांधले होते म्हणून नव्हे. कव्हरवर ‘डिस्को बीट’ छापायचे होते, आणि एचएमव्हीच्या गिऱ्हाइकाने त्यावर नाचावे अशी अपेक्षा होती. झपतालातला कलावती त्याच यंत्रांवर, त्याच केबलने, त्याच वर्षी वाजवता आला असता.